ताईंना द्यायची गाडी

भंगारखान्याच्या फाटकातच नर्सबाईंचं डोकं सणकलं. आत त्यांची जुनी गाडी बॉनेट उघडून उभी, आणि स्टिअरिंगवर साक्षात यजमान! निवृत्त प्राध्यापक, सोसायटीच्या पर्यावरण समितीचे अध्यक्ष, ॲक्सिलरेटरवर पाय रोवून बसलेले.

इथली रीतच तशी. गाडी पुन्हा रस्त्यावर येऊ नये म्हणून इंजिनातलं तेल काढून काचेचं पाणी, म्हणजे सोडियम सिलिकेटचं द्रावण, ओततात आणि मालकालाच इंजिन रेटायला लावतात. पाणी तापून काचेसारखं घट्ट झालं, की इंजिन कायमचं अडकतं. मग जुनीच्या बदल्यात नव्या गाडीवर सरकारी सूट.

"अहो, पाय काढा!" बाई ओरडल्या. "ताईंना द्यायची ठरली होती ना ही?"

ताई म्हणजे प्राध्यापकांची सख्खी थोरली बहीण. त्यांच्या नवऱ्याचं अर्धं अंग लुळं पडलेलं. त्याला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं तर दोन बस बदलायच्या आणि दर पायरीला त्याला उचलायचं. सोमवारी गाडी न्यायला येते, असं काल फोनवर सांगताना ताई रडल्या होत्या.

"अगं, ताईची काहीतरी सोय करू. पण ही धूर ओकते त्याचं काय?"

"डोंबल ओकते! परवाच तपासणीत पास झालीय. आणि तुमचं ते नवं धूड काय आभाळातून पडलं? लोखंड वितळवताना, बॅटरी बनवताना अत्तराचा वास सुटला असेल, नाही का? आणि जाणार कुठे त्यातून, तर कोपऱ्यावर दूध आणायला!"

"समितीत मी शब्द दिलाय."

"आणि बहिणीला दिलेला?"

प्राध्यापक काही बोलणार, तेवढ्यात इंजिन किंचाळलं, खडखडलं आणि थांबलं. त्यांनी किल्ली फिरवून पाहिली. काही नाही. कामगाराने बॉनेट आपटून बंद केलं.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही त्यांना राग आला. अजून कितीतरी वर्षं चालली असती, चांगली धडधाकट गाडी! आपला सगळा जन्म माणसं जगवण्यात गेलेला, आणि घरात हा असला नमुना!

"ताईंना फोन लावा."

"काय सांगू तिला?"

"सांगा, नवी गाडी तुझी. सोमवारी दारात आणून उभी करतो म्हणावं."

"नवी? अगं, मग मी कशाने फिरू?"

"बसने. प्रदूषण आणखी कमी होईल."

बायको चेष्टा करतेय असं वाटून प्राध्यापक हसले. बाईंनी त्यांच्या खिशातला फोन काढला, नंबर लावला आणि त्यांच्या कानाला धरला. पलीकडून ताई म्हणाल्या, "बोल रे बाळा."