नूतनची तंद्री

कडुनिंबावर पानांपेक्षा गोळ्यांच्या पट्ट्याच जास्त लटकल्या होत्या. साखरेच्या, बीपीच्या, आकडीच्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या गावात प्रेमराज महाराजांनी नवाच नवस काढला होता : गोळी झाडाला बांधा, रोग देवीला द्या. पार दोंडाईच्याहून जीपा भरभरून लोक येत होते.

पुरावा म्हणून चौरंगावर बसवली होती माझ्या चौथीच्या वर्गातली नूतन.

"डॉक्टरची गोळी, रोगाची टोळी!" महाराज गरजले. "गोळी सोडली अन् दहा दिवसांत पोर सुधारली!"

यातलं सुधारणं खरं होतं, म्हणूनच ते घातक होतं. नूतन लिहितालिहिता थबकायची. डोळे उघडे, पेन्सिल जागीच, दहा सेकंदांनी पुन्हा भानावर. तालुक्याच्या डॉक्टरांनी आकडीची गोळी दिली आणि तंद्र्या उलट वाढल्या. घाबरून तिच्या बापाने, वनाभाऊंनी, पट्टी झाडाला बांधली. तंद्र्या कमी झाल्या. झाला चमत्कार!

तेवढ्यात प्रसाद वाटतावाटता नूतन सगळ्यांसमोर थिजली.

"पाहा, तिला देवी दिसतेय!" महाराज ओरडले. म्हाताऱ्या धुरपदाबाईंनी पोरीच्या पायावर डोकं ठेवलं.

माझं डोकं फिरलं. "देवी नाही, हा तिचा आजार आहे!" मी पिशवीतला शाळेचा हजेरीपट काढून उघडला. मागच्या पानावर मी तिच्या तंद्र्यांच्या रेघा मारत होते. "गोळीआधी वर्गात रोज आठ. गोळीने तीस. गोळी बंद, पुन्हा आठ! वाढलेलं तेवढं उतरलं. आजार जिथल्या तिथे आहे. महाराजांनी केलं काय?"

"बाई, मंग डॉक्टरनीच मन्ही पोर बिघाडी ना?" वनाभाऊंनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. "तेच धुळ्याला जाऊन विचारू. चला."

"कोप होईल!" महाराज म्हणाले.

"होऊ द्या माझ्यावर."

धुळ्यात लहान मुलांच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाईंनी नूतनच्या डोक्याला तारा लावून तिच्या हातात कागदी भिरभिरं दिलं. "जोरजोरात फुंकत राहा." दोन मिनिटांत भिरभिरं थांबलं, नूतन टक लावून बसली. मेंदूच्या आलेखावर लाटाच लाटा उमटल्या. नवस नाही, नारळ नाही, तरी महाराजांची देवी दवाखान्यात हजर! वनाभाऊ आलेखावर वाकले.

"आकडीचे प्रकार अनेक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती गोळी काही प्रकारांत उत्तम, पण या प्रकारात तंद्र्या वाढवते. आधी हा आलेख काढायला हवा होता. आणि भाऊ, तुम्ही ती परस्पर बंद केलीत. मोठा झटका आला असता, तर पोर हातची गेली असती."

त्यांनी औषध बदललं. दोन महिन्यांनी नूतन दिवसभर एकदाही थबकत नव्हती. मग वनाभाऊंनी कडुनिंबाखाली गर्दीसमोर उभं राहून सगळ्यांना हाक दिली.

"बठ्ठा ऐका! देवीनी काहीच करं नही. गोयी चुकनी व्हती, डॉक्टरनी बदली, पोर बरी शे. तुमन्या गोया उतारा!"

महाराज शिव्या देऊ लागले. धुरपदाबाई मात्र उठल्या. त्यांच्या नातवाची आकडी गोळीने दोन वर्षं थांबलेली होती. त्यांनी झाडावरची त्याची पट्टी सोडवून कनवटीला लावली.

औषध चुकतं, डॉक्टरही चुकतात. पण ती चूक तोंडावर सांगता येते, तपासता येते, दुरुस्त करता येते. महाराजांची चूक दाखवली की कोप होतो. तेव्हा गोळीने त्रास वाढला तर झाड शोधू नका. त्याच दिवशी डॉक्टरला गाठा, विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.