विहीणबाईंना सांगायचं वाक्य

चिमट्याच्या टोकावरचा स्क्रू तिळाच्या नातवाएवढा होता, आणि घड्याळवाल्या आबांना तो आज काही केल्या बसवता येईना. कारण डोळा भिंगात असला तरी जीभ कोरियनमध्ये अडकली होती. 'सुयॉंग हाल सु इस्सॉयो'... मला पोहता येतं. हेच ते वाक्य! लेकीनं कोरियन नवरा केला, म्हणून आबांनी सत्तराव्या वर्षी नवी वही उघडली, आणि गेल्या महिन्यात फोनवर विहीणबाईंना पाठ झालेलं एकुलतं एक वाक्य ऐटीत ठोकून दिलं. त्या बिचाऱ्या हरखल्या. आता पुढच्या आठवड्यात येताहेत – दोघांसाठी पोहण्याच्या टोप्या घेऊन.

आणि आबा तर बादलीपलीकडे कधी पाण्याच्या वाटेला गेले नव्हते.

"दुपारी फोन जोडून देते, बाबा," लेकीनं सकाळीच बजावलं होतं. "खरं काय ते तुम्हीच सांगा. मी मध्ये पडणार नाही."

सांगायचं काय, तर 'इस्सॉयो' काढून 'ऑप्सॉयो' लावायचं. त्या भाषेत येणं म्हणजे वाट असणं, न येणं म्हणजे वाट नसणं. सोपं! पण चाळीस वर्षांत या दुकानात नकार कुणी ऐकला होता? गंजलेलं, चेंगरलेलं, एक तर बकरीनं गिळून टिकटिकतच परत केलेलं – निदान आबा तसं सांगत – प्रत्येक घड्याळाला त्यांचं एकच उत्तर, "बघू." मग ते खालच्या खणात जायचं... तो खण आता गच्च भरून उघडतही नव्हता.

"अहो, एकटेच काय पुटपुटताय?" बायको चहा घेऊन आली.

"मला येत नाही, असं म्हणतोय."

"अगं बाई! हे तुमच्या तोंडून ऐकायला बेचाळीस वर्षं लागली, तेही परक्या भाषेत!"

तेवढ्यात फोन वाजला. आबांनी डोळे गच्च मिटले आणि उडी मारली –

"सुयॉंग हाल सु ऑप्सॉयो."

पलीकडून विहीणबाईंचं खळखळून हसू, आणि मग सावकाश, एकेक शब्द सुटा करत, "बेउल सु इस्सॉयो."

शिकता येईल.

फोन ठेवल्यावरही आबा चिमटा तसाच धरून बसले. घोट्यापासून काहीतरी गार गार वर चढत होतं, भीती म्हणावी तर गुदगुल्याही होत होत्या... "बघू," ते सवयीनं म्हणाले आणि स्वतःच दचकले – या खेपेला त्यांना खरोखरच बघायचं होतं.