पेंढ्याच्या भिंतीवर माझा भरवसा नव्हता

मित्रांनो, जवळ या, पण आधी हात पुसून या. पुसलेत म्हणता? दाखवा बघू. राग मानू नका हो, माझी सवयच आहे तशी. मी एक जुना ओलमापक आहे. लोकांनी "अगदी कोरडं आहे" म्हणून सांगितलेल्या गोष्टी ओल्या निघताना बघण्यात माझं आयुष्य गेलं. तुमचं गेलं असतं, तर तुमचाही स्वभाव असाच झाला असता.

दिसायला मी काही देखणा नाही. हातभर लांब पोलादी सुई, मागे लाकडी मूठ आणि मुठीवर घड्याळाएवढी काचेची तबकडी. सुईच्या टोकाशी धातूचे दोन ठिपके आहेत. मी पेंढ्यात शिरलो की एका ठिपक्यातून दुसऱ्याकडे बारीकशी वीज जाते. पेंढा ओला असेल तर ती चटकन जाते, कोरडा असेल तर रेंगाळते, आणि त्यावरून माझा काटा आकडा दाखवतो. पंधराच्या आत असला तर ठीक. विसाच्या वर गेला की काळजीचं कारण. ज्या कारागिरानं मला जोडलं, त्यानं शेवटचा स्क्रू आवळल्यावर मला कानाशी धरून हलवलं. आत काही खुळखुळतंय का, ते तो बघत होता. म्हणजे जन्मल्या जन्मल्या माझ्यावरच संशय!

एका चाऱ्याच्या गोदामानं मला विकत घेतलं आणि माझी मूठ तिथल्या तपासनिसाच्या हातात आली. उंच, किडकिडीत माणूस, बोलणं मोजकं. ट्रक आत आला की हा थप्पीभोवती एक फेरी मारायचा, वास घ्यायचा आणि ट्रकवाल्यानं जिथे बोट दाखवलं नसेल नेमका तिथे मला खुपसायचा. काही जण वरचे गठ्ठे उन्हात वाळवून आणत आणि ओले मधे दडवत. "अहो साहेब, वरचे बघा ना, कसे खडखडीत आहेत!" असं कुणी म्हणालं की आमच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच म्हणून समजा. आम्ही मधेच शिरायचो. माझा काटा सत्तावीसवर गेला की ट्रकवाल्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. मला भारी मजा यायची, कबूल करतो.

आम्ही एकदाच चुकलो. तपासनिसाचा लहानपणीचा मित्र माल घेऊन आला होता. "तुझ्या मालाला काय सुई लावायची!" असं म्हणून त्यानं मला पेटीतच ठेवलं. मित्रांनो, ओला पेंढा दाबून रचला की तो आतल्या आत तापतो आणि फार तापला की आपणहून पेटतो. बारा दिवसांनी भरदुपारी ते गोदाम पेटलं. कुणी दगावलं नाही, पण एका हमालाचे दोन्ही तळवे भाजले. तपासनीस दर आठवड्याला त्याला दवाखान्यात भेटायला जायचा. त्यानंतर त्यानं कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवला नाही. मी तर त्याच्याही पुढे गेलो. मी आकाशावरसुद्धा विश्वास ठेवत नव्हतो.

तो निवृत्त झाला तेव्हा मालकानं विचारलं, "आठवण म्हणून काय देऊ?" त्यानं मला मागून घेतलं. मला वाटलं, आता मानानं भिंतीवर टांगतील. कसलं काय! दोन वर्षं मी एका खणात पडून होतो, गेलेले बल्ब आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या यांच्या संगतीत. मला कुणी विसरलं होतं की मुद्दाम दडवलं होतं, हे मला अजून समजलेलं नाही.

मग एक दिवस खण उघडला. तपासनिसाचा मुलगा बस चालवायचा आणि सून गवंडी होती. गिलाव्याच्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं जागा घेतली होती आणि तिला घर बांधायचं होतं, तेही पेंढ्याच्या गठ्ठ्यांचं. दगडाचं जोतं, लाकडाचा सांगाडा, विटांसारखे रचलेले गठ्ठे, आतून मातीचा गिलावा आणि बाहेरून चुन्याचा.

"पेंढ्याचं घर?" तपासनीस ताडकन उठला. "जन्मभर ज्यात आग शोधली, त्याच्यात मला झोपवणार तुम्ही?"

"म्हणून तर तुम्ही हवे आहात, बाबा," सून शांतपणे म्हणाली. "प्रत्येक गठ्ठा तुमच्या हाताखालून जाऊ दे. तुम्ही नाही म्हणालात तो भिंतीत जाणार नाही."

मित्रांनो, ते माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस! साडेतीनशे गठ्ठे आले. त्यातले एक्केचाळीस आम्ही परत पाठवले. पेंढेवाला चिडला, हातवारे करू लागला, तशी सून मधे उभी राहिली. "बाबा म्हणतात ओला, म्हणजे ओला. उचला!" मुलगा सुट्टीच्या दिवशी गठ्ठे वाहायचा. घामानं निथळत म्हणायचा, "बाबा, मलाही सुई लावून बघा, मी तिसावर असणार." तपासनीस हसायचा नाही, पण मला धरलेली त्याची बोटं जरा सैल व्हायची.

घर उभं राहिलं. भिंती इतक्या जाड की खिडकीत पाय वर घेऊन बसावं. बाहेर रस्त्यावर कुणी भांडलं तरी आत कुजबुजसुद्धा ऐकू येत नव्हती. सगळे खूश होते. मी नव्हतो. इतकी शांतता बरी नव्हे, असं मला सारखं वाटायचं. तपासनिसालाही वाटायचं. तो येता-जाता भिंतीवर तळवा ठेवायचा, आत तापतंय का ते बघायला.

शेवटी सुनेनं पश्चिमेकडच्या भिंतीला बाहेरून, खिडकीखाली, एक भोक पाडून दिलं आणि मेणकापड गुंडाळलेलं लाकडी बूच त्यात बसवलं. "महिन्यातून एकदा बघा, बाबा. आणि बूच घट्ट."

पहिल्या महिन्यात आकडा आला अकरा. दुसऱ्या महिन्यातही अकरा. तुम्हाला वाटेल, झालं समाधान. छे! "इतकं चांगलं कसं असेल?" तपासनीस पुटपुटला. मला त्याचं शंभर टक्के पटलं. महिन्याचं आठवड्यावर आलं, आठवड्याचं रोज सकाळवर आलं. एका जागी चांगला आकडा येतोय तर शेजारी बघू, म्हणून सून कामाला गेल्यावर त्यानं दुसरं भोक पाडलं, मग तिसरं. त्यांची बुचं त्यानं स्वतःच चाकूनं तासली. पावसाळा लागेपर्यंत सात भोकं झाली होती. रोज उभ्यानं वाकून तो मला आत खुपसायचा, तिरका, खालच्या दिशेनं.

आणि आकडा चढू लागला. तेरा. सोळा. एकोणीस.

बघा, मी म्हणत नव्हतो! मला काय आनंद झाला होता, आज सांगायलाही लाज वाटते. आम्ही दोघं कामाला लागलो. आधी छपरावर संशय घेतला. तपासनीस शिडी लावून वर चढला, काही सापडलं नाही. मग स्वयंपाकघरातल्या वाफेवर घेतला. मुलाला ताकीद मिळाली की पातेल्यावरचं झाकण काढायचं नाही. मग न्हाणीघरावर, दोरीवरच्या कपड्यांवर, खिडकीतल्या फुलझाडाच्या कुंडीवर. मुलगा म्हणाला, "बाबा, आता फक्त मीच राहिलो." पण अजून कुणीतरी राहिलं होतं.

"सूनबाई," एका सकाळी तपासनीस म्हणाला, "गिलावा घाईत केलास तू."

सुनेनं हातातली थापी खाली ठेवली. "पंधरा वर्षं गिलावा करतेय मी, बाबा. घाई मला येतच नाही." एवढंच बोलली आणि कामाला निघून गेली. जाताना तिचे डोळे भरले होते. मी पाहिलं आणि तरीही मनात म्हणालो, रडतेय म्हणजे काहीतरी लपवतेय. इतका मी बिघडलो होतो.

चार दिवसांनी काटा चोवीसवर गेला. तपासनिसानं मुलाला हाक मारली. "त्या हमालाचे तळवे अजून दिसतात मला," तो म्हणाला. "पोरांनो, इथून निघा. आजच निघा." मुलानं भाड्याची एक खोली बघितली, किल्लीसुद्धा आणली. सुनेनं किल्ली टेबलावर पडलेली पाहिली.

"निघायचं तर निघू," ती म्हणाली. "आत कुजलं असेल तर पुन्हा पेंढ्याचं घर बांधायचं नावही काढणार नाही. पण माझी भिंत मी बघितल्याशिवाय सोडणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं छिन्नी आणि हातोडा घेतला. स्वतःच्या हातानं गुळगुळीत केलेला गिलावा ती स्वतःच फोडत होती. प्रत्येक घावाला तपासनीस डोळे मिटत होता. परातीएवढा तुकडा निघाला आणि सगळे पुढे वाकले.

आतला पेंढा पिवळाधमक होता. बोट लावलं की करकर वाजत होता. मात्र प्रत्येक भोकापासून अंगठ्याएवढी जाड काळी रेघ तिरकी आत उतरत गेली होती. सात भोकं, सात रेघा. सुनेनं मला उचललं आणि एका रेघेत सरकवलं. आपल्या चपलेत आपला पाय बसावा तसा मी तिच्यात बसलो. काटा चोवीस. मग तिनं मला बाहेर काढलं, पुसलं आणि दोन रेघांच्या मधे, चार बोटं बाजूला, खुपसलं. काटा अकरा.

रोज काढून-घालून सैल झालेल्या बुचांवर पश्चिमेचा पाऊस आपटत होता आणि मीच पाडलेल्या उतारावरून आत ओघळत होता. आकडा मी खोटा दाखवला नव्हता, मित्रांनो. ओल खरी होती. पण ती मीच आत नेली होती, आणि रोज सकाळी मीच ती मोजत होतो. त्या क्षणी माझी काच तडकली असती तर बरं झालं असतं.

मला वाटलं, आता सून बोलणार. तिला सगळा हक्क होता. तिनं तपासनिसाचा हात धरला आणि उघड्या पेंढ्यात घातला. "बघा, बाबा. हातानं बघा." त्यानं चाचपलं. कितीतरी वर्षांनी तो माझ्याशिवाय काहीतरी तपासत होता. "भिंत ओली नव्हती," ती म्हणाली. "आपण ओली केली."

'आपण' म्हणाली. मी 'तुम्ही' ऐकायच्या तयारीत होतो.

"मी तुला घाईची म्हणालो," तपासनीस म्हणाला.

"म्हणालात."

"चुकलं माझं, पोरी."

"हो, चुकलं. आता माती कालवायला या, हे उघडं ठेवून चालणार नाही."

त्यांनी काळा पेंढा उपसला, जागा वाळू दिली, कोरडा पेंढा ठासून भरला. वरचा गिलावा सुनेनं केला, तपासनिसानं मातीची पाटी धरली. मुलगा खोलीची किल्ली परत करून आला. पुढे सुनेला अशाच आणखी एका घराचं काम मिळालं. गठ्ठे आता तपासनीस निवडतो, आणि तेव्हा मला पेटीतून काढतात. भिंत रचून झाली की सून हात पुढे करते, आणि तो मुकाट्यानं मला तिच्या हातात देतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो, शंका जरूर घ्या. पण ती गठ्ठे उतरवून घेताना घ्या, बिनधास्त घ्या, परत पाठवायचे ते परत पाठवा. एकदा घर बांधून त्यात राहायला लागलात की ते रोज उकरून बघू नका. आणि माझ्यासारखं एखादं भोक पडलंच तुमच्या हातून, तर ते बुजवायलाही तुम्हीच जा.

सुनेनं मला माफ केलंय का? ती मला पुसते, तेल लावते, पेटीत नीट ठेवते. तरी मला शंका आहेच, ती कुठली जायला! पण खात्री करून घ्यायला कुणाच्या काळजात सुई खुपसायची नाही, एवढं मी आता शिकलोय.