मागच्या दाराचा पहारा

गोडादऱ्याच्या कामगार वस्तीतल्या त्या चौकात समोरासमोर दोन काळे फळे होते. एक चहाच्या टपरीला टेकवलेला, कामगार मंडळाचा. दुसरा रस्त्यापलीकडे पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर, मुकादम मंडळाचा. आता सगळ्यांच्या खिशात मोबाईल आले, फळा कोण वाचतो, असं कुणी म्हणेल. पण पांडेसऱ्याच्या कापड कारखान्यांत कामावर जाणारी माणसं रिक्षा भरेपर्यंत तिथंच ताटकळत उभी असत, आणि ताटकळलेल्या माणसाच्या डोळ्यांना काहीतरी लागतंच. शिवाय फोटो काढून फिरवायचा झाला तरी आधी कुणीतरी खडूनं लिहावं लागतं.

कामगारांचा फळा निंबा लिहायचा, मुकादमांचा दत्तू.

निंबा खानदेशातला. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात उभं राहून त्याचा एक कान गेला होता, नोकरीही सुटली होती. उरलेल्या कानात मात्र त्यानं शेकड्यांनी कीर्तनं साठवली होती. दत्तू परभणीकडचा, दहा-बारा माणसं हाताखाली घेऊन कारखान्यांना पुरवणारा लहानसा मुकादम. फळ्यावर दोघं एकमेकांची सालटी काढायचे. पण विठ्ठलमंदिरात चैत्राचा सप्ताह बसला की वीणेच्या पहाऱ्याला हीच जोडी. सात दिवस अहोरात्र कुणीतरी वीणा गळ्यात घेऊन उभं असायचं. वीणा खाली टेकवायची नाही, आणि दुसरा येईपर्यंत धरणाऱ्यानं जागा सोडायची नाही. दुपारी दोन ते चार दत्तू, चार ते सहा निंबा. वीणा देताना हा त्याच्या पाया पडे, तो ह्याच्या. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात दोघांनाही काही वावगं वाटत नव्हतं. भांडण भांडणाच्या जागी, देव देवाच्या जागी.

यंदा फाल्गुनात पांडेसऱ्यातल्या एका साडीच्या कारखान्यात आग लागली. आग मोठी नव्हती, धूर मोठा होता. पुढचा जिना धुरानं भरला तशी माणसं मागच्या जिन्याकडे धावली. दार उघडेना, म्हणून परत फिरली आणि तोंडाला साड्या गुंडाळून कशीबशी पुढून उतरली. किसन नावाचा एकजण परतला नाही. मागच्या लोखंडी दाराला बाहेरून कुलूप होतं. सापडला तेव्हा किसनची बोटं दाराच्या जाळीत अडकलेली होती.

निंबा हादरला तो किसनसाठी, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त योगितासाठी. त्याची एकुलती एक लेक त्याच गल्लीत, तिसऱ्या कारखान्यात, दुसऱ्या मजल्यावर साड्यांना लेस लावायला बसे. तिथंही मागं तसंच दार, तसंच कुलूप. किल्ली योगराज मुकादमाच्या खिशात, आणि योगराज म्हणजे मुकादम मंडळाचा अध्यक्ष.

किसनला अग्नी देऊन चार दिवस झाले. पाचव्या दिवशी सकाळी दत्तूनं आपल्या फळ्यावर लिहिलं:

‘मुकादम भावांनो, कापडाचे ताके चोरीला जातात, शेठ आपली मानगूट धरतो, म्हणून आपण मागची दारं बंद केली. हे कारण खरं आहे. पण किसन कुलपानं मेला आणि किल्ली आपल्या खिशात होती, हेही खरं आहे. गोष्ट आपल्या घरातली आहे, आपणच मिटवू. आज घरी जाताना आपापलं कुलूप काढून आणा.’

मुकादम चिडले. पण ते चिडले बंद खोलीत, आपापसात. एकजण म्हणाला, दत्तूला कीर्तनाचा वारा लागलाय. दुसरा म्हणाला, वारा लागला असेल, पण खोटं काय बोलला? त्या संध्याकाळी दोन कुलपं निघाली. तीन दिवसांत पाच.

“आबा, आमच्याकडचं पण काढलं,” योगितानं येऊन सांगितलं. “योगराजकाकांनी स्वतः. तोंड असं, एरंडेल प्यायल्यासारखं.”

सरलाबाईनं, म्हणजे तिच्या आईनं, देवापुढं दिवा लावला.

इथं थांबायला हवं होतं. पण कामगार मंडळाचा पुढारी भटू दुसऱ्या दिवशी टपरीवर आला तोच मोबाईल नाचवत.

“निंबाअण्णा, हे वाचलं का दत्तूचं? उचला.”

“तो त्यांच्या माणसांना सांगतोय, भटू. आपल्याला नाही.”

“मग काय झालं? आपण बोंबललो की म्हणतात, विरोधकच ते, बोंबलणारच. त्यांचाच माणूस बोलला की तोंडाला कुलूप. खरं ते खरं, मग कुणाच्या का तोंडचं असेना.”

हे निंबाला पटलं. खरं कुणाच्या मालकीचं असतं? आणि त्याला सवय होती कीर्तनाची. कीर्तनकार अख्ख्या अभंगातलं एकच चरण धरून तासभर उभा राहतो, बाकीचं श्रोत्यांना पाठ असतंच. निंबानंही एक चरण धरलं. फळा ओल्या फडक्यानं पुसला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं:

‘मुकादमांचाच दत्तू म्हणतो: किसन कुलपानं मेला आणि किल्ली आपल्या खिशात होती. घरचाच साक्षीदार. आता तरी लाज धरा.’

हाताचा खडू झाडताना त्याला बरं वाटलं. फार बरं वाटलं, आणि ते किसनसाठी नव्हतं, हे त्याला तेव्हाही कुठंतरी कळत होतं. दुपारपर्यंत त्या फळ्याचा फोटो पार शहराबाहेर कामरेजपर्यंत जाऊन आला.

संध्याकाळी मुकादमांची बैठक झाली. ‘तू खातोस कुणाचं?’ एवढा एकच प्रश्न दत्तूला विचारला गेला म्हणतात. त्याच्या हातातून फळा गेला. आठवड्याभरात त्याची माणसं दुसऱ्यांच्या हाताखाली वाटली गेली, आणि ज्या कारखान्यांत तो बारा वर्षं माणसं पुरवत होता तिथले दरवान त्याला ओळखेनासे झाले.

आणि योगिता एका संध्याकाळी डबा ओट्यावर ठेवून म्हणाली, “कुलूप परत लावलं, आबा. आता मोठं आहे. काढलं तर गुन्हा कबूल केल्यासारखं होतं, असं योगराजकाका म्हणाले. मोबाईलवर तुमचा फळा दाखवला सगळ्यांना.”

“बाकीच्यांकडं?”

“पाचही ठिकाणी.”

सरलाबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. “चांगलं चाली ऱ्हायंतं,” ती म्हणाली. “तुले कोनी सांगेल व्हतं?”

निंबा लेकीला म्हणाला, “तू सोड ते काम.”

“सगळीकडं कुलूपच आहे ना. कुठलं सोडू आणि कुठलं धरू?”

चैत्र आला, सप्ताह बसला. निंबाला वाटलं होतं, दत्तू येणार नाही. पण चारला पाच कमी असताना तो मंडपात गेला तर दत्तू उभा होता, वीणा गळ्यात, डोळे मिटलेले, गालफडं आत गेलेली. निंबा समोर जाऊन उभा राहिला. दत्तूनं वीणा त्याच्या गळ्यात घातली, वाकून पायाला हात लावला. रीत ती रीत. मग निंबा वाकला तेव्हा वरून हळू आवाज आला.

“अर्धंच घेतलंत, अण्णा.”

“दत्तूबुवा, मी...”

“मी माझ्या माणसांपुढं आधी त्यांचं दुखणं मांडलं, मग चूक मांडली. तुम्ही दुखणं पुसलं आणि चूक ठेवली. बरं, ते असू द्या. एक सांगा. ताके कोण नेतं हे तुम्हाला माहीत नाही का? तुमच्या फळ्यावर कधी आलं?”

उत्तराची वाट न बघता तो गेला. आणि निंबाला तर जागा सोडता येत नव्हती. दोन तास तो वीणा धरून उभा होता. ताके कोण नेतं हे त्याला माहीत होतं. चौघंजण होते. एकाच्या लग्नात तो जेवून आला होता.

त्या संध्याकाळी कीर्तनाला सुभद्राबाई उभ्या राहिल्या. जळगावकडच्या, साठीच्या, आवाज असा की टाळ आपोआप लयीत यावेत. गोडादऱ्यातल्या फळ्यांचं त्यांना काय माहीत असणार? त्या निंदा आणि उपदेश यांवर बोलत होत्या, आणि बोलता बोलता त्यांनी एक दृष्टांत दिला.

“घरातली म्हातारी चुलीपाशी बसून म्हणते, सूनबाई, धूर फार झाला गं. सून चरफडते, पण उठते आणि खिडकी उघडते. हो की नाही, माउली? आता हेच शेजारीण अंगणात उभी राहून ओरडली, अगं, तुझी सासूच म्हणते तुझ्या घरात धूर आहे. तर सून काय करते?”

“खिडकी लावून घेते,” बायकांमधून कुणीतरी म्हणालं, आणि मंडप हसला.

“लावून घेते. आणि वर म्हातारीला म्हणते, आता बसा धुरात.” सुभद्राबाईंनी चिपळ्या वाजवल्या. “शेजारीण खोटं बोलली का? नाही. धूर होताच. पण तिला धुराची काळजी असती तर तिनं आधी स्वतःची चूल बघितली असती.”

टाळकऱ्यांच्या रांगेत एक टाळ थांबला होता. शेजारच्यानं कोपरानं ढोसलं तेव्हा निंबानं तो पुन्हा धरला.

सकाळी त्यानं भटूला गाठलं. “ताक्यांचं लिहूया. आपल्या फळ्यावर, आपल्या माणसांना. चोरी थांबली तर कुलपाला कारण राहत नाही.”

“डोकं फिरलं का?” भटूनं आजूबाजूला बघितलं. “त्यांच्या हातात काठी देताय.”

“त्यांच्या दत्तूनं दिली तेव्हा आपण घेतलीच की.”

“ती त्यांची चूक. आपण कशाला करायची?”

भटू रिक्षात बसून गेल्यावर निंबानं खडू उचलला.

‘कामगार भावांनो, पोटाला पुरत नाही हे खरं. पण ताके आपल्यातलेच नेतात हेही खरं. आपल्याला माहीत आहे, मलाही माहीत होतं, मी गप्प बसलो. ते थांबवू आणि मग छाती पुढं करून कुलूप काढा म्हणू. दत्तूचं मी अर्धंच लिहिलं होतं. उरलेलं अर्धं हे.’

नावं लिहिली नाहीत. तेवढं धैर्य नव्हतं म्हणा, की तेवढी माया होती म्हणा.

दुपारी गिरणीच्या भिंतीवरचा फळाही बदलला. तो आता योगराज स्वतः लिही, अक्षर किरटं होतं पण वाचता येत होतं: ‘कामगारांचाच निंबा म्हणतो: ताके आपल्यातलेच नेतात. घरचाच साक्षीदार. म्हणून कुलूप राहणार.’

निंबा रस्त्याच्या मधोमध उभा राहून वाचत होता. त्याचंच वाक्य, त्याचीच रीत, त्याच्याइतकंच अर्धं. मागून भटूनं येऊन टपरीवरची खडूची पेटी उचलून नेली. चहावाल्यानं त्या दिवसापासून निंबापुढं पेला सरकवला नाही. मागितला तर द्यायचा, पण सरकवायचा नाही. आणि ज्याच्या लग्नात तो जेवला होता तो पोरगा त्याच्या पायाशी थुंकून गेला.

कुलूप तिथंच होतं. आता तर त्याला दोन्ही फळ्यांची साक्ष होती.

निंबा घरातला लोखंडी घण घेऊन निघाला आणि योगिताच्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत जाऊन त्यानं ते फोडलं. दुसऱ्या दिवशी नवं लागलं. तेही फोडलं. तेव्हा योगराजनं योगिताला बोलावून सांगितलं, बापाला आवर, तिसऱ्यांदा झालं तर घरी बस. ती घरी येऊन एवढंच म्हणाली, “आबा, फोडू नका. काम जाईल. आणि लागेल ते कुलूप अजून मोठं असेल.”

मग निंबानं फोडणं सोडलं. तो नुसता जाऊन बसू लागला. सकाळी आठला लेक पुढच्या जिन्यानं वर जाई, आणि हा मागच्या गल्लीत, रंगाच्या पाण्याच्या नालीशेजारी, कुलूपबंद दारासमोर एका विटेवर. बाजूला घण. वर यंत्रं चालू आहेत तोवर बसायचं. कधी आग लागली तर वरचा ओरडा एका कानानं ऐकू येईल न येईल, म्हणून दुसऱ्या मजल्याच्या जाळीवरून नजर काढायची नाही. दरवान पहिल्यांदा हसला, मग त्यालाही हसू येईना. तहान लागली, लघवीला लागलं, तरी निंबाला उठवेना. उठावं आणि नेमकं तेव्हाच, असं वाटे.

सहाव्या दिवशी दुपारी गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. दत्तू होता. शर्टाची कॉलर विरलेली, पायात स्लिपर. तो जवळ आला, वर जाळीकडे बघितलं, कुलपाकडे बघितलं.

“जेवलात?”

“नाही.”

“जेवून या. दोन ते चार मी बसतो. मला आता काय काम आहे?”

“दत्तूबुवा, तुमचं सगळं माझ्यामुळं...”

“ते राहू द्या. माफ केलं असं मी म्हटलेलं नाही.” दत्तूनं दुसरी वीट ओढली. “तिथं वर बारा बायका बसल्यात. त्यातल्या दोघी माझ्या हाताखालच्या होत्या.”

निंबा गुडघ्यावर हात टेकून उठला. घण उचलून दोन्ही हातांनी पुढं केला. दत्तूनं तो घेतला. मग दोघंही वाकले, आधी हा, मग तो, नालीच्या कडेला, जशी रीत होती तसे.

गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर निंबानं मागं वळून बघितलं. घण खाली ठेवला असता तरी चाललं असतं. दत्तूनं तो मांडीवर घेतला होता, आणि मान वर करून तो जाळीकडे बघत होता.