डॉक्टरांच्या घरची गाडी

डॉक्टरांनी आयुष्यात कुणाची नाडी पाहिलेली नव्हती. ते गाड्यांच्या वायरिंगचं काम करत. पण गाडी दुकानासमोर उभी राहिली की किल्ली फिरवायला लावायची, मान तिरकी करून ऐकायचं आणि बॉनेट न उघडताच दोष सांगायचा, या त्यांच्या सवयीमुळे बाजारपेठेने त्यांना ही पदवी बहाल केली होती. तिला ते जागतही होते. सकाळी नऊला दुकान उघडत आणि त्यापुढे परक्याची गाडी ते कधी अडवून ठेवत नसत.

घरची गाडी मात्र परक्याची नव्हती, आणि तिथेच घोडं अडत होतं.

ती गाडी त्यांची बायको चालवायची. बाई शाळेत शिकवत, शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि थंडीत सहाला घर सोडावं लागे. गेल्या हिवाळ्याच्या शेवटी गाडीतल्या हीटरचा ब्लोअर बंद पडला. पंखाच फिरेना, त्यामुळे इंजिन तापलं तरी ऊब आत येईना. बाईंनी त्याच दिवशी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "फ्यूज असेल. दहा मिनिटांचं काम. रविवारी बघतो."

रविवार आले तसे गेले. उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाले, "आता हीटर कुणाला हवाय?" त्यात तथ्य होतं. पुन्हा थंडी पडली तेव्हा म्हणाले, "अगं, दहा मिनिटांचं तर काम आहे!" जणू काम जितकं लहान, तितकी ते न करण्याची मुभा मोठी. डॉक्टर स्वतः दुकानात चालत जात. दुकान दोन गल्ल्या सोडून होतं आणि नऊपर्यंत ऊन पडलेलं असे.

बाई भांडल्या नाहीत. एका मंगळवारी त्या म्हणाल्या, "आज मैत्रिणीबरोबर जाणार आहे, येतानाही तीच सोडेल." डॉक्टरांनी वर्तमानपत्राआडून "बरं" म्हटलं. गाडी दाराशी आहे की नाही, हे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

अकराच्या सुमारास पैलवानाचा फोन आला. पैलवानाचं शाळेच्या बाजूला गॅरेज होतं. अंगाने तो काडीपैलवान, पण इंजिन उतरवण्यात पटाईत. वायरिंगपुढे मात्र तो हात टेकायचा.

"डॉक्टर, एक केस आहे. हीटरचा ब्लोअर. फ्यूज दोनदा बदलला, ढिम्म हलत नाही. आणि आधी कुणीतरी गाढवाने त्या वायरींना हात लावलाय. तुमच्यासारखा जाणकारच हवा."

"गाढवांना काय तोटा? घेऊन या," डॉक्टर प्रसन्नपणे म्हणाले.

अर्ध्या तासात पैलवान गाडी घेऊन आला. डॉक्टर सवयीने मान तिरकी करून बाहेर आले आणि तशीच तिरकी मान घेऊन उभे राहिले. मागच्या दारावरचा तो ओरखडा त्यांच्याच फाटकाचा होता.

"कुणाची गाडी?" त्यांनी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"शाळेतल्या एका बाईंची. भली बाई आहे. म्हणाली, घरात बघायला कुणाला वेळ नाही."

डॉक्टरांच्या ओठांवर आलं होतं की ही माझीच गाडी. पण त्याच्या मागोमाग एवढ्या गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या की त्यांनी मुकाट्याने टेस्ट लॅम्प उचलला. डाव्या सीटपुढे पाय ठेवतात तिथे ते पाठीवर आडवे झाले, डोकं डॅशबोर्डाखाली घातलं आणि पाय दाराबाहेर सोडले. पन्नाशी उलटलेल्या माणसाला ही मुद्रा शोभत नाही, पण ब्लोअर तिथेच असतो.

मोटरकडे येणारा करंट त्यांनी पाहिला. लॅम्पचं एक टोक गाडीच्या पत्र्याला लावून दुसरं टोक वायरीला लावलं, तर दिवा लख्ख लागला. म्हणजे फ्यूज ठीक, स्विच ठीक. मग मोटरकडे जाणाऱ्या दोन्ही वायरींमध्ये लॅम्प धरला. दिवा लागेना. म्हणजे करंट येत होता, पण त्याला परत जायला वाट नव्हती. अर्थिंग तुटलेलं होतं. डॉक्टर काळ्या वायरीवरून बोटं फिरवत मागे गेले आणि जाड गाठीपाशी थांबले. गाठीवर पिवळी टेप होती, उलट्या हाताने गुंडाळलेली, शेवटी टोक दुमडून आत खोचलेलं. साऱ्या शहरात टेप असं खोचणारा एकच माणूस होता, आणि तो सध्या डॅशबोर्डाखाली आडवा पडला होता.

तीन वर्षांपूर्वी तिथला प्लग वितळला होता. नवा प्लग मिळेपर्यंत म्हणून त्यांनी वायरींना नुसता पीळ देऊन ठेवला होता. तात्पुरता.

"सापडलं?" पैलवान वाकून म्हणाला. टेप सोडवताच जळून काळी पडलेली वायर दिसली. "बघा! म्हटलं नव्हतं गाढव म्हणून? हे काय काम झालं?"

"गडबडीत असेल," डॉक्टर आतून म्हणाले.

"गडबडीत? अहो, अशाने गाडी पेटली असती. तुम्ही फार दिलदार, डॉक्टर."

डॉक्टरांनी त्याला दोन तासांनी यायला सांगून वाटेला लावलं.

मग ते चालकाच्या जागेवर बसले. या सीटवर ते कितीतरी दिवसांनी बसत होते, आणि थंडीतल्या पहाटे तर कधीच बसले नव्हते. दाराच्या कप्प्यात जाड लोकरी मोजे होते. मागे घोंगडी होती आणि गरम पाण्याची रबरी पिशवी. समोरच्या काचेवरची वाफ पुसायला त्यांचाच जुना शर्ट चार घड्या घालून ठेवला होता. काचेवर वळसे उमटले होते, चालकाच्या बाजूला फक्त. हात पोचेल तेवढी काच पुसायची आणि तेवढ्यातून रस्ता बघायचा. म्हणजे अर्धा रस्ता ती अंदाजानेच चालवत होती की काय? हा हिशेब दहा मिनिटांच्या कामात त्यांनी कधी धरला नव्हता.

ते उठले आणि कामाला लागले. नवा प्लग बसवला, सांधे सोल्डर केले. मोटरला बॅटरीवरून थेट करंट देऊन पाहिला. फिरली, पण कण्हत. आतले कार्बनचे ब्रश झिजले होते. डॉक्टरांनी फळीवरची चांगली मोटर काढून बसवली. मग हवेची जाळी साफ केली, आणि शेवटी सगळ्या काचा आतून पुसल्या, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या.

पैलवान आला, बटण फिरवलं आणि गरम झोत तोंडावर घेत खूश झाला. "काय द्यायचं?" म्हणाला.

"राहू दे."

"नवी मोटर घातलीत आणि राहू दे?" पैलवानाने त्यांच्याकडे जरा काळजीने पाहिलं, पण असा मुहूर्त पुन्हा येणार नाही हे ओळखून निघाला.

संध्याकाळी बाई गाडी घेऊनच परतल्या. कानटोपी हातात होती, गाल लाल. त्यांनी न लपवता सगळं सांगितलं. गाडी दुसरीकडे दिली होती, एका दिवसात झाली, माणूस सज्जन आहे, वर मोटरसुद्धा बदलून दिली.

डॉक्टर जेवत होते. दोन घास त्यांनी कळ काढली, तिसऱ्याला राहवेना.

"त्या पैलवानाला वायरिंगमधलं काय कळतंय?"

बाईंचा हात वाढता वाढता थांबला. "पैलवान? मी कुठे नाव घेतलं?"

झालं. मग सगळंच सांगावं लागलं. आडव्या पडण्यापासून पिवळ्या टेपपर्यंत. मोजे आणि शर्ट पाहिले, हेही सांगितलं, पण ते सांगताना ते ताटाकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "तो गाढव म्हणत होता ना, तो मीच."

"गाढव म्हणून तो माझ्यासमोरही बोलला, तेव्हाच मला कळलं," बाई म्हणाल्या. "त्या गाडीच्या वायरींना दुसऱ्या कुणी हात लावलाय? मी म्हटलं त्याला, असं बोलू नका हो, माणूस कामाचा आहे, फक्त घरचं सोडून." मग त्यांना हसू आवरेना. "पण दुरुस्त कुणी केलं ते मात्र मला ठाऊक नव्हतं."

डॉक्टरही हसले, थोडे उशिरा. "यापुढे गाडीचं काही निघालं की मला सांग. त्याच दिवशी करीन."

"छे. तुम्हाला सांगितलं की वर्ष लागतं. पैलवानांकडे दिली की तुम्ही दोन तासांत करता."

डॉक्टरांनी मनात हिशेब करून पाहिला, आकडे बरोबर होते.

तेव्हापासून तसंच ठरून गेलं. वायपर अडला, मागचा दिवा गेला, की बाई शाळेत जाताना गाडी पैलवानाकडे लावतात, तो ती शहराच्या या टोकाला आणतो आणि डॉक्टर हातातलं काम बाजूला ठेवून ती आधी घेतात. पैलवानाला खरं काय ते कुणी सांगितलेलं नाही. आपल्या गॅरेजमध्ये तो गिऱ्हाइकांना सांगतो, "डॉक्टर म्हणजे देवमाणूस. त्या बाईंशी ना ओळख ना पाळख, पण किती मन लावून करतात!"