लाल पट्टीखालचा चार

पिक यिनचा फ्लॅश पहिल्यांदा आपोआप उडाला, तेव्हा पोपोच्या तोंडात शेवई होती.

साधीसुधी शेवई नव्हे, वाढदिवसाची. आम्हा चिनी लोकांत ती तोडायची नसते, चावायची नसते, एका दमात सुर्रकन ओढून घ्यायची असते, म्हणजे आयुष्यही तेवढंच लांबतं. ऐंशी वर्षांच्या पोपोनं (पोपो म्हणजे आजी, सारं गाव तिला तसंच म्हणतं) निम्मी ओढली होती आणि सगळे नातेवाईक माना वळवून कौतुकानं बघत होते. तेवढ्यात कोपऱ्यातल्या फोटोच्या पांढऱ्या छत्रीत लख्ख उजेड पडला. म्हातारी दचकली, दात मिटले, शेवई तुटून वाडग्यात पडली.

"अगंबाई, तुटली!" एक मावशी ओरडली, आणि मग सगळ्यांनी असं काही ऐकलंच नाही असा चेहरा केला.

पिक यिनचा कॅमेरा गळ्यात लटकत होता. बोट बटणाच्या जवळपासही नव्हतं. पण हे कुणाला सांगणार? फ्लॅश तिचा, छत्री तिची, म्हणजे पापही तिचंच.

पोपोचा थोरला मुलगा वाई कियोंग तरातरा आला. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि बोलतोही तो हातोडीनं ठोकल्यासारखाच. "मी आईला सांगत होतो, हूंगलाच बोलवू. ही काल-परवापर्यंत त्याचे स्टँड उचलत होती. आज कॅमेरा गळ्यात घातला की झाली फोटोग्राफर?"

"मीच बोलावलंय तिला," पोपो तोंड पुसत म्हणाली. "तू तुझी शेवई खा."

खरी गोष्ट अशी की हूंग मिळालाच नव्हता. पंचांगात चांगला दिवस निघाला की मलेशियातल्या आमच्या इपोहात सगळ्यांना त्याच दिवशी लग्नं करायची असतात. त्या संध्याकाळी त्या रेस्टॉरंटचा एकही हॉल रिकामा नव्हता. खाली साखरपुडा, वर दोन लग्नं, आणि पोपोच्या वाढदिवसाला खेटून, मधल्या घडीच्या लाकडी भिंतीपलीकडे, गावातल्या बड्या घरचं लग्न. ते हूंगकडे होतं. हूंग म्हणजे आमच्या गावातला फोटोचा पाटीलच समजा. त्यानं ज्याला नावं ठेवली, त्याला पुढं कुणी साध्या बारशालाही बोलावत नाही.

पण पोपोला तसाही हूंग नकोच होता. पिक यिनची आई बाजारात मोड आलेले मूग विकते. पोपो तिची रोजची गिऱ्हाईक. एकदा पिक यिन गाड्यावर बसली होती, तर पोपोनं पिशवीतून आपले फोटो काढून तिच्यापुढे मांडले. खाणीवर कामाला होती तेव्हाच्या ओळखपत्रावरचा, लग्नातला, मुलांच्या लग्नांतले. एकूण एक फोटोत डोळे मिटलेले.

"हूंगनं दहादा काढले," ती म्हणाली, "आणि दहादा म्हणाला, आंटी, तुमचेच डोळे वाईट. आता माझं काय राहिलंय? मेल्यावर देव्हाऱ्यात फोटो लागणार. तो असला लावलात, तर नातवंडं म्हणतील आजी जन्मभर झोपलेलीच होती. मला डोळे उघडे असलेला एक फोटो पाहिजे. एकच. जमेल का सांग, नाहीतर मूग दे, मी जाते."

पिक यिननं फोटो पुन्हा पाहिले आणि तिला कोडं उलगडलं. जुन्या फोटोंत डोळ्यांसमोरच टाकलेला भडक उजेड. अलीकडच्यांत कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश, आणि तो मेला आधी एक बारीक झलक टाकून अंदाज घेतो, मग खरा उजेड टाकतो. दोन्हींच्या मध्ये पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. ज्यांची पापणी जलद, त्यांचे डोळे दर फोटोत बंद. त्यावर उपाय सोपा होता. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवायचा, बाजूला स्टँडवर उंच लावायचा, पुढे छत्री उघडायची म्हणजे उजेड मऊ होतो. किती उजेड पाडायचा ते हातानं आधीच ठरवून ठेवायचं, म्हणजे झलकेची भानगडच नको. फ्लॅशखाली एक डबी, कॅमेऱ्यावर दुसरी डबी. इथं बटण दाबलं की तिथं उजेड. मध्ये ना वायर ना काही.

"जमेल," ती म्हणाली. पोपोनं मूगही घेतले.

आणि आता तोच फ्लॅश भुतानं झपाटल्यासारखा उडत होता. शेवयांनंतर सूप वाढताना उडाला. गुलाबी रंगाचे, पीचच्या आकाराचे पाव आले तेव्हा लागोपाठ दोनदा उडाला. मावश्या हळूहळू छत्रीजवळच्या खुर्च्या सोडून दूर सरकल्या. बरं, नुसतं उडणं तरी परवडलं! पिक यिननं फोटो काढायला जावं, तर फ्लॅश नुकताच उडून रिकामा झालेला, तो उडेचना. फोटो काळा ठिक्कर.

मग भिंतीपलीकडून पाहुण्यांनी पेले उंचावून आरोळी ठोकली, "याऽऽऽम सेंग!" आणि त्या आरोळीबरोबर पिक यिनचा फ्लॅश फटाफट उडायला लागला.

तिनं कपाळावर हात मारून घेतला. भूत पलीकडेच होतं. लग्नातला फोटोवाला बटण दाबत होता आणि उजेड इकडे पडत होता. दोघांच्या डब्या रेडिओ स्टेशनसारख्या एकाच नंबरवर. आठ! आठ म्हणजे भरभराट, म्हणून हूंगचा आठ. तिनं काम त्याच्याकडे शिकलं, म्हणून तिचाही आठ. लाकडी भिंतीला हा निरोप अडवणं काय जमणार?

ती घडीच्या भिंतीतलं दार लोटून पलीकडे गेली. हूंग स्टेजखाली घाम पुसत उभा होता.

"अंकल, आपल्या दोघांचा नंबर एकच लागलाय. तुमचा फ्लॅश माझ्या बटणावर उडतो, माझा तुमच्या. आज तेवढा तुम्ही बदला ना. माझ्या पोपोंची शेवई तुटली हो."

हूंग हसला. "आह मोई, पोरी, वीस वर्षं मी आठवर आहे. तू आलीस म्हणून मी उठू? नाचता येईना, अंगण वाकडं! नंबर पुष्कळ आहेत. घे एखादा."

"एखादा" म्हणे! पिक यिनची डबी जुनी, तिच्या चकतीवर एक ते आठ एवढेच आकडे. ती परत आली आणि गुडघ्यावर बसून एकेक लावून बघू लागली. एक लावला, फ्लॅश उडाला. दोन लावला, थोड्या वेळानं उडाला. तीनवर तर थांबेचना, तो दारातला फोटोबूथ होता. पाच, सहा, सात, सगळीकडे कुणी ना कुणी ठाण मांडून बसलेलं. गावातले सगळे फोटोवाले शुभ दिवसाच्या नावानं एकाच छपराखाली कोंबलेले, मग दुसरं काय होणार?

राहिला चार. त्यावर लाल पट्टी होती.

आमच्याकडे फोटोवाल्यानं नवी डबी घेतली की सगळ्यात आधी चारच्या आकड्यावर लाल पट्टी चिकटवतात, चुकूनही बोट तिकडे जाऊ नये म्हणून. चार म्हणजे मरण, आमच्या भाषेत दोन्हींचा उच्चार जवळजवळ एकच. घराला चार नंबर घेत नाहीत, लिफ्टमध्ये तीनच्या नंतर पाचच येतो. शुभकार्यात चारवरचा उजेड ज्याच्या तोंडावर पडला, त्याचं वर्ष निघत नाही म्हणतात. पिक यिनच्या डबीवरची पट्टी खुद्द हूंगनं लावली होती, आपल्या हातानं, आशीर्वाद दिल्यासारखी.

तिनं पोपोकडे पाहिलं. पोपो लाल रेशमी जाकीट घालून, ओठ रंगवून, ताठ बसली होती आणि तिच्याकडेच बघत होती. मुलं, सुना, नातवंडं सिडनीहून, सिंगापूरहून आलेली, उद्या परत उडणारी. फोटो आज नाही तर कधीच नाही. पिक यिनला मग असा राग आला म्हणता! पट्टीचा, हूंगचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण तिचंही बोट अडखळलं होतं.

तिनं नख घातलं आणि पट्टी टरकन ओढली.

चार लावला. शेजारी पुन्हा "याम सेंग" झाला. फ्लॅश गप्प. ती आणखी एक आरोळी होईपर्यंत थांबली. गप्प. मग तिनं आपलं बटण दाबलं आणि छत्री भरून उजेड पडला. शहाण्या नवऱ्यासारखा, बायकोनं हाक मारली तरच ओ देणारा! ती एकटीच हसली.

"पोपो, या. सगळे या. मधोमध पोपोंची खुर्ची."

मंडळी उभी राहीपर्यंत हूंग दारात हजर. पोरीची फजिती बघायला आला होता, दुसरं काय! त्यानं कॅमेऱ्यावरची डबी पाहिली, तिच्या अंगठ्याला चिकटलेली लाल पट्टी पाहिली, आणि त्याचा आवाजच चढला. "चार? वाढदिवसाला चार लावलास? वाई कियोंग साहेब, अहो, तुमच्या आईवर ही चार नंबर लावतेय!"

एका सुनेनं आपल्या पोराला ओढून मागं घेतलं.

वाई कियोंगचा चेहरा लालबुंद झाला. "शेवई तुटली ते काय कमी होतं? गुंडाळ तुझं सामान."

"बाकी सगळ्या नंबरांवर दुसऱ्यांचे फ्लॅश आहेत," पिक यिन म्हणाली. "चारवर कुणी नाही. पोपोंचे डोळे उघडे पाहिजेत तर हाच नंबर. नुसता आकडा आहे तो."

"नुसता आकडा!" हूंगनं कपाळ बडवलं. मग त्याला वाटलं असावं, उद्या म्हातारीला काही झालं तर गावभर होईल, हूंगच्या चेलीनं मारली. तो आवाज उतरवून म्हणाला, "बरं बाई, मी हरलो. आजच्या दिवस आठ तू घे. मी थांबतो दहा मिनिटं. झालं समाधान? चार काढ."

मघाशी हात जोडून मागितला होता तो आठ आता ताटात वाढून समोर आला होता. सगळे तिच्याकडे बघत होते. घेतला असता तर काय बिघडलं असतं? फोटोही झाला असता, भांडणही मिटलं असतं, आणि ती पुन्हा हूंगची स्टँड उचलणारी झाली असती.

"नको, अंकल," ती म्हणाली. "आठवर फार गर्दी असते."

"बघा, बघा उर्मटपणा!"

"वाई कियोंग," पोपो खुर्चीतूनच म्हणाली, "तुझ्या आईचं नाव काय?"

"मा, आत्ता हे काय..."

"सांग ना सगळ्यांना. सांगत नाहीस? मी सांगते. मी चौथी. माझ्या आईला आधी तीन मुली, मग मी. ज्योतिषी म्हणाला, चौथी घर बुडवील. महिन्याच्या आत मला खाणीवरच्या एका बाईला देऊन टाकली. तिनंही नाव ठेवलं नाही, चौथीच म्हणायची. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून कथील चाळलं मी, तुम्हा सगळ्यांना वाढवलं. कुणाचं घर बुडवलं रे मी? सांग की! कुणाचं?"

वाई कियोंगनं हातातला पेला टेबलावर ठेवला.

"चारला भिऊन मला एकदा टाकून दिलंय लोकांनी," पोपो म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "माझ्या घरात आता कुणी चारला भ्यायचं नाही. जो भीत असेल त्यानं फोटोत उभं राहू नये. आणि पोरी, तू काय बघत बसलीस? काढ."

मग पोराला मागं ओढणाऱ्या सुनेनंच त्याला उचललं आणि ती पोपोच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. एकेक करून सगळे आले. शेवटी वाई कियोंग आला आणि त्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला.

पिक यिननं बटण दाबलं. छत्रीत उजेड पडला, एकदाच.

तिनं पडद्यावर पाहिलं आणि कॅमेरा पोपोच्या मांडीवर ठेवला. वाई कियोंग वाकला. पोपोचे डोळे टक्क उघडे होते, ओले, आणि नजर थेट समोर.

"मा," तो हळूच म्हणाला, "तू माझ्याकडेच बघतेयस असं वाटतं."

"जन्मभर बघतेच आहे," पोपो म्हणाली. "तुम्हालाच दिसत नव्हतं."

हूंग अजून दारातच होता. "बघतो ना," तो म्हणाला, "पुढच्या वेळी हिला कोण बोलावतं ते."

"मी बोलावते," पोपो म्हणाली. "वाई कियोंग, पुढच्या वर्षीचा माझा वाढदिवस चौथ्या महिन्याच्या चार तारखेला धर. त्या दिवशी इथं चिटपाखरू नसतं. हॉल पाहिजे तो मिळेल, आणि हा हूंगही फिरकायचा नाही."

पहिल्यांदा नातवंडं हसली, मग मावश्या. वाई कियोंगनं हसू दाबायचा प्रयत्न केला, ते काही त्याला जमलं नाही. पोपोनं वाडगं पुढं ओढलं, त्यातली तुटकी शेवई काड्यांनी उचलली आणि सगळ्यांच्या देखत चावून चावून खाल्ली.