चार चमच्यांची बाटली

मध्यंतराला उर्वी पोट धरूनच मैदानाबाहेर आली. "मम्मी, पोटात सगळं डुचमळतंय. मी नाही खेळणार."

काल्हेरच्या मुलींच्या कबड्डी संघात अकरा वर्षांची उर्वी पहिल्यांदाच निवडली गेली होती. तिच्या आईने, क्षितिजाने, धास्तीपोटी सकाळपासून तीनदा तिचं कपाळ चाचपलं होतं. खेळाडूंसाठी मिळते ती संत्र्याच्या चवीची पूडही तिने पाण्यात एकाऐवजी चार चमचे कालवली होती. ऊन कडक, तर ताकदही जास्त हवी ना!

सासू कमळाबाईंनी त्या बाटलीतला घोटभर चाखून तोंड वाकडं केलं. "काय गो, पाक पाजलास पोरीला? यान जिलब्या बुडवाव्या!"

क्षितिजाने डब्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि जीभ चावली. कॉलेजात हेच तर शिकली होती. थोडी साखर आणि मीठ जोडीने पाण्याला आतड्यातून रक्तात नेतात. साखर फार झाली, की पाणी पोटातच रेंगाळतं आणि आतडं उलट शरीरातलंच पाणी ओढून घेतं.

तिने पाऊण बाटली ओतून दिली आणि वर साधं पाणी भरलं. "सावलीत बस. घोट घोट पी."

"आता तरी बरोबर केलंस ना?" उर्वीने संशयाने विचारलं.

"डबा वाचून केलंय, बाई!"

शेवटच्या दहा मिनिटांसाठी प्रशिक्षक ताईंनी हाक मारली, तशी उर्वी स्वतःहून उठली. तिच्या चढाईत दोन मुली बाद झाल्या. सामना संपताच ती धावत आली.

"मम्मी, जाम भूक लागलीय!"

क्षितिजाची नजर सामनाभर लेकीवरच खिळली होती; सामना कोणी जिंकला हे विचारायचंही तिला सुचलं नाही.